खिद्रापूरच्या नोंदी : हत्तींपासून स्वर्गमंडपापर्यंत

यंदाच्या हिवाळ्यात खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात पक्षी बघायला जाताना पद्धत बदलली. देवळाभोवती फिरून यादी वाढवत बसण्यापेक्षा एका जागी ठिय्या मारायचा आणि कुठला पक्षी देवळाचा कुठला भाग वापरतो तेवढंच टिपायचं. शिलाहारांनी बाराव्या शतकात उभारलेलं हे काळ्या पाषाणाचं काम पक्ष्यांच्या लेखी कृष्णाकाठचा एक कडाच आहे.

सगळ्यात जास्त वेळ गजपीठानं, म्हणजे देवळाच्या पायथ्याशी कोरलेल्या हत्तींच्या थरानं खाल्ला, आणि तो सत्कारणी लागला. सोंडा तुटलेल्या हत्तींच्या रांगेवर थिरथिऱ्याची मादी बसायची. टुपकन खाली उतरायची, किडा टिपायची, की परत हत्तीच्या पाठीवर. रंगानं साधी तपकिरी, त्यामुळं चीरकाची मादी समजून बरेच जण पुढं निघून जातात. शेपटीकडं बघा. थिरथिऱ्याची तांबूस आणि सारखी थरथरणारी. चीरकाची काळपट, बहुतेकदा वर उभारलेली, आणि बुडाशी विटकरी रंग. एवढं डोळ्यात बसलं की पुन्हा घोटाळा होत नाही.

स्वर्गमंडपात छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. तिथून पाकोळ्यांची ये-जा बघताना मान अवघडते, पण हलावंसं वाटत नाही. पांढरी कंबर, आखूड शेपूट, कोयत्यासारखे पंख. पाय इतके तोकडे की तारेवर बसणं त्यांना जमतच नाही. बाहेर तारेवर रांगेनं बसलेल्या दिसतात त्या भिंगऱ्या. घरटंही वेगळं. पाकोळी उडता उडता पिसं नि काड्या गोळा करते आणि लाळेनं चिकटवते. लालबुडी भिंगरी चिखलाच्या गोळ्या लावून सुरईसारखं घरटं बांधते. अशा जागी फ्लॅश मारू नका, ही हात जोडून विनंती.

पिंगळ्याची जोडी दिसली. जागा लिहीत नाही. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात, तेव्हा पिंगळ्याचा पत्ता कुणीच उघड करू नये असं माझं ठाम मत आहे.

नदीकडं कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबलेला. छातीवर दोन काळे पट्टे, म्हणजे नर. मादीला एकच, तोही मधे तुटलेला. उसाच्या कडेला वेडे राघू, कोतवाल, टिटव्या. येताना नरसोबाच्या वाडीला थांबून कवठाची बर्फी घेतली, ती नोंदीत धरत नाही.

आता मार्चअखेर ते एप्रिल गजपीठावरच लक्ष ठेवणार. थिरथिरा आपल्याकडून उत्तरेला परततो, त्याआधी तो इथं शेवटचा कधी दिसतो ती तारीख मला हवी आहे. शिरोळ, मिरज भागात कुणी वहीत तशी नोंद ठेवली असेल तर जरूर कळवा, दोन्ही ताडून बघू.