कोळंबीचा काटा

आषाढातल्या शेवटच्या रविवारी, दादरच्या आमच्या घरी कोळंबी सोलत असताना तिच्या डोक्यावरचा काटा ताईच्या तर्जनीत घुसला. तिने त्यावर हळद दाबली आणि कालवण पुरे केले. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ती रोज टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड घेते हे आम्हां सर्वांना पाठ असूनही, त्या गोळ्यांचा आणि या काट्याचा संबंध कुणाच्याच मनात आला नाही.

तीन आठवड्यांनी तिथे वाटाण्याएवढी जांभळट गाठ उठली. ताप नव्हता, ठणकाही नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. वास्तविक प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये ही लक्षणे झाकलेली राहू शकतात. मग बोटापासून कोपरापर्यंत एका रेषेत आणखी तीन गाठी आल्या. प्रतिजैविकांचे दोन कोर्स वाया गेले आणि बायॉप्सीच्या तुकड्यात क्षयाच्या जंतूंसारखे रंग धरणारे जिवाणू दिसताच एका डॉक्टरांनी टीबीचे औषध लिहून दिले. मुंबईत तो निष्कर्ष फार सहज काढला जातो.

ते सुरू करण्यापूर्वी आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवले. ताईचे बोट खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी विचारले, "घरात मासे कोण साफ करतं?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारले नव्हते, आणि आम्हीही सांगितले नव्हते, याची मला अजून खंत वाटते.

त्यांना संशय होता मायकोबॅक्टेरियम मरिनमचा. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत प्रथम वर्णिलेला हा क्षयजंतूचा भाऊबंद साधारण ३० अंशांवर उत्तम वाढतो, ३७ अंशांवर मात्र जेमतेम. म्हणूनच तो शरीराच्या आतल्या भागांपेक्षा थंड असलेल्या हातापायांच्या त्वचेत घर करतो आणि प्रयोगशाळेला आगाऊ कळवले नाही तर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, निसटू शकतो. बाईंनी आमच्यासमोरच प्रयोगशाळेत फोन करून एक नमुना ३० अंशांवर ठेवायला सांगितले. काही आठवड्यांनी तिथेच तो वाढला.

औषध निवडणेही सोपे नव्हते. टीबीच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही, रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी खाली ओढून नव्या मूत्रपिंडालाच धोक्यात आणते, तर क्लॅरिथ्रोमायसिन तीच पातळी वर चढवते. अखेर ॲझिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल ठरले, शिवाय इथॅम्ब्युटॉल दृष्टीवर परिणाम करू शकते म्हणून मधूनमधून डोळ्यांची तपासणी. गाठी चार महिन्यांनी बसल्या. गोळ्या त्यानंतरही दोन महिने चालू होत्या. कोळंबी आता मी सोलतो.