कमांडवर मालकी कुणाची?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा, हिशोब जुन्या सॉफ्टवेअरवर चालायचा. पिग आयर्न किती, स्क्रॅप किती, कुठल्या हीटची किती कास्टिंग रिजेक्ट झाली, याचे रिपोर्ट तिथल्या क्वालिटीच्या मुलांनी त्या सॉफ्टवेअरच्या छोट्याशा भाषेत वर्षानुवर्षं लिहून ठेवले होते. वार्षिक फी परवडेना, तेव्हा मालकांनी आमच्याकडे नवा प्रोग्रॅम मागितला. अट एकच, जुने रिपोर्ट जसेच्या तसे चालले पाहिजेत. म्हणून त्या कमांड समजून त्या चालवणारा इंटरप्रिटर आम्ही मुळापासून लिहिला.

सगळं सुरळीत लागलं आणि एका सकाळी मालकांचा फोन आला. "मॅडम, वकिलाची नोटीस आल्या. आधी इकडं या की."

जुन्या कंपनीचा दावा होता की कमांडची नावं, त्यांची मांडणी, सगळी भाषाच त्यांच्या कॉपीराइटमध्ये येते. वापर ताबडतोब थांबवा. इकडे भट्टी पेटलेली, आणि रिपोर्ट सोबत नसेल तर गिऱ्हाईक माल उतरवून घेत नाही. मालकांनी एवढंच विचारलं, "बंद करू काय?"

मी तडक खानापूर रोडवर आमच्या वकिलांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "त्यांचा सोर्स कोड कुणी पाहिलाय?" कुणीच नाही. आमच्यापुढे फक्त त्यांचं मॅन्युअल आणि फाउंड्रीचे स्वतःचे रिपोर्ट होते. मग त्यांनी एसएएस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग हा खटला काढला. तिथेही एका कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या भाषेतले प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. प्रोग्रॅमचं काम किंवा प्रोग्रॅमिंगची भाषा यांना कॉपीराइटचं संरक्षण नाही, असं युरोपीय न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं. तो निकाल इथे बंधनकारक नाही. पण आपल्या 1957 च्या कायद्याचं कलम 52 सुद्धा, रीतसर घेतलेला प्रोग्रॅम चालवताना त्याचं काम पाहून त्यामागची तत्त्वं समजून घ्यायला मुभा देतं.

असाच वाद अमेरिकेतही झाला. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रॅमरने वापरायच्या कमांडची नावं आणि मांडणी यांवरून, ओरॅकलने गूगलवर 2010 मध्ये दावा लावला. कोडच्या सुमारे 11,500 ओळींचा तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 2021 मध्ये संपला. गूगलचा वापर 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर ठरला, पण एपीआयला मुळात कॉपीराइट लागतो का, यावर न्यायालयाने निर्णय दिलाच नाही. अकरा वर्षं झुंजायला गूगलसारखी ताकद लागते. बेळगावच्या फाउंड्रीवाल्याला नुसती नोटीसच पुरते. तो निकालाची वाट बघत नाही, प्रोग्रॅम काढून टाकतो. मला खरी भीती याचीच वाटते. रोज लिहायच्या कमांडवर कुणी हक्क सांगू लागला, तर आमच्यासारख्यांनी पोट कशावर भरायचं?

वकिलांना धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची, प्रोग्रॅमसोबत दिलेल्या मदतीच्या मजकुराची. आमचा मजकूर मराठी आणि कन्नडमध्ये होता. पण ते म्हणाले, "मॅन्युअलमधली वाक्यं उतरवली असतील तर भाषांतरसुद्धा कॉपीराइटमध्ये येतं." दुपारभर मी आणि माझा सहकारी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पान-पान ताडत बसलो. त्यांची उदाहरणं विक्रीच्या बिलांची होती, आमची हीट नंबर आणि रिजेक्शनची. एकही वाक्य जुळलं नाही. कोडच्या तारीखवार नोंदीही आम्ही वकिलांना काढून दिल्या.

संध्याकाळी उत्तर रजिस्टर पोस्टाने गेलं. मालकांना मी फोन केला, "बंद करू नका. कोर्टात जायची वेळ आली तर मी स्वतः उभी राहते."

"मग रात्रपाळीला चालू ठेवतो," ते म्हणाले.