पाळक नसलेले चौदा महिने

जानेवारी 2024 मधल्या एका रविवारी, निरोपाचा चहा झाल्यावर, निवृत्त होणाऱ्या आमच्या पाळकांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या आमच्या गावच्या चर्चचा कारभार माझ्यावर आणि माझ्या सहकारी चर्चवॉर्डनवर येऊन पडला. माझे माहेर अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर). 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकनांसह (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या मंडळीसह) सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्याच मंडळीत मी वाढले. त्यामुळे आगमनकाळ, उपवासकाळ, ईस्टर हा चर्चच्या वर्षाचा क्रम माझ्या अंगवळणी पडलेला होता. नगरला एका पाळकांची बदली झाली की बिशपसाहेब दुसरे पाळक पाठवीत आणि मंडळीचे काम पुढे चालू राही. येथे मात्र नवे पाळक मिळायला चौदा महिने लागले.

चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चच्या इमारतीची आणि कारभाराची जबाबदारी सांभाळणारा निवडून आलेला सभासद, हे पद फार जुने आहे. दरवर्षी 31 मेपर्यंत गावाची सभा भरते आणि दोन वॉर्डन निवडले जातात. त्या सभेत मतदार यादीत नाव असलेला गावातला कोणीही रहिवासी मत देऊ शकतो, मग तो उपासनेला येत असो वा नसो. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण पॅरिश म्हणजे केवळ बाकांवर बसणारे पंचवीस जण नव्हेत, तर सीमेच्या आतले सगळे गाव, हे त्यातून कायद्यानेच मान्य केले आहे. पाळकांचे पद रिकामे असताना वॉर्डन आणि रूरल डीन (आसपासच्या पॅरिशांवर लक्ष ठेवणारे धर्मगुरू) यांनी मिळून देखरेख करायची असते. आमच्याकडे तर चार गावांची चार चर्च आणि त्या सर्वांना मिळून एकच पाळक. प्रभुभोजनाचा विधी दीक्षित धर्मगुरूंशिवाय होत नाही, म्हणून बिशपांची परवानगी असलेल्या निवृत्त धर्मगुरूंना एकेका रविवारासाठी फोन करून विनंती करणे हे माझे दर सोमवारचे काम झाले. कोणीच मिळाले नाही तर आम्ही सामान्य सभासदच प्रातःकालीन प्रार्थना चालवीत असू. पहिल्यांदा मी ती चालवली तेव्हा पाठ वाचताना माझा आवाज कापत होता.

14 फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, होता. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेले झावळीचे क्रूस जाळून ही राख करतात. ते काम नेहमी पाळकच करीत असल्यामुळे कसे करायचे हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. घराघरांतून क्रूस गोळा केले आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, परसदारी, वाऱ्याच्या आडोशाला पेटवले. राख जाडीभरडी निघाली. मग ती चहाच्या गाळणीतून चाळली, बोटाने चुरडली, पुन्हा चाळली, तेव्हा कुठे काजळासारखी मऊ चिमूटभर राख वाटीत उतरली. त्या संध्याकाळी ऐंशी ओलांडलेल्या एका धर्मगुरूंनी तीच राख माझ्या कपाळाला लावली आणि तू माती आहेस, मातीलाच परत मिळशील, याची आठवण दिली. आयुष्यभर ऐकलेले ते वचन त्या दिवशी मला नव्याने ऐकू आले.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते. पुष्कळ लोकांचा असा समज असतो की येथील सरकार चर्चला पोसते, पण आमचा दैनंदिन खर्च आम्हालाच भागवावा लागतो. पाळकांचे मानधन डायोसिस, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला विभाग, देते आणि त्यासाठी प्रत्येक पॅरिशने आपला वाटा, म्हणजे पॅरिश शेअर, पाठवायचा असतो. आमचा तोच सर्वांत मोठा खर्च. करदात्याने गिफ्ट एड या करसवलतीच्या योजनेचा अर्ज भरून दिला तर त्याच्या देणगीच्या प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून 25 पेन्स परत मिळतात, म्हणून त्या अर्जांसाठी मी दारोदार हिंडले.

जुलैमध्ये एका रात्री चर्चच्या उत्तरेकडच्या छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले. सकाळी कुलूप उघडले तेव्हा फरशीवर पाणी साचले होते आणि गुडघे टेकण्याच्या, आमच्या बायकांनी हाताने भरतकाम केलेल्या उशा भिजून जड झाल्या होत्या. त्या दिवशी मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. विमा होता, पण त्यातून सगळा खर्च भागणार नव्हता. मध्ययुगीन इमारतीचे छप्पर आपल्या मनाने बदलता येत नाही. त्यासाठी डायोसिसच्या न्यायाधीशांची, म्हणजे चॅन्सेलरांची, फॅकल्टी नावाची परवानगी लागते. शिशाऐवजी पुन्हा चोरीला न जाणारा, वरून मुलामा दिलेला स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालावा, असे आर्किटेक्टने सुचवले. त्यासाठी नकाशे, छायाचित्रे, खर्चाचे अंदाज आणि इमारतीच्या महत्त्वाचे निवेदन असा मोठा अर्ज तयार करताना माझे दोन महिने गेले. शिवाय आमच्या छपरात वटवाघळे राहतात. त्यांना येथे कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे मादी पिलांना सांभाळत असतात त्या काळात छपराला हात लावता येत नाही. दर शनिवारी वेदीवरचे प्लास्टिकचे आच्छादन काढून लेंड्या झाडणे हेही वॉर्डनचेच काम.

सुगीची उपासना ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होती. नगरला लोक शेतातले पहिले पीक, कोंबड्या, अंडी, भाकरी असे काहीबाही आणत आणि उपासनेनंतर मोठ्या उत्साहाने त्याचा लिलाव होई. येथे डबाबंद अन्न फूड बँकेला पाठवण्याची चांगली पद्धत आहेच. ती तशीच ठेवून घरच्या ताज्या मालाचा लिलाव करावा, असे मी पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीत, सुचवले. माझे सहकारी निवृत्त शेतकरी आहेत, बाजारातला लिलाव त्यांनी आयुष्यभर पाहिलेला; त्यांनी लगेच होकार दिला आणि बोली पुकारायलाही तेच उभे राहिले. एका भोपळ्यासाठी दोन शेजाऱ्यांची चढाओढ चाळीस पाउंडांपर्यंत गेली, आणि जिंकणाऱ्याने तो भोपळा दुसऱ्यांदा लिलावात काढायला सांगून परत दिला. माझे वडील दरवर्षी हेच करीत असत. छपराच्या निधीत त्या दिवशी बरीच भर पडली, पण मला आठवतात ते पावसाने डागाळलेल्या भिंतीखाली हसणारे लोक.

पाळक निवडण्याची प्रक्रिया या सगळ्याच्या बरोबरीने चालू होती. 1986 च्या कायद्याप्रमाणे पॅरिश कौन्सिलने गरजांचे निवेदन लिहायचे आणि दोन प्रतिनिधी नेमायचे. त्यांच्या संमतीशिवाय नेमणूक होत नाही. त्या दोघांत मी होते. पाळकाचे नाव सुचवण्याचा पूर्वापार चालत आलेला अधिकार आमच्या बाबतीत केंब्रिजच्या एका कॉलेजकडे आहे. पहिल्या जाहिरातीला एकही अर्ज आला नाही. निवेदन पुन्हा वाचले तेव्हा कारण कळले: आम्ही गावाच्या सौंदर्याबद्दल दोन पाने लिहिली होती आणि गळक्या छपराबद्दल एक ओळ. दुसऱ्या वेळी खरी परिस्थिती लिहिली, तेव्हा तीन अर्ज आले.

10 नोव्हेंबरच्या स्मृतिरविवारी अकरा वाजता दोन मिनिटांची शांतता पाळून मी युद्धात पडलेल्यांची नावे वाचली. त्यांत एकाच आडनावाचे तीन भाऊ आहेत, आणि त्यांच्या घराण्यातली एक मुलगी माझ्यासमोर उभी होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बसायला जागा उरली नाही. बॉयलर बंद पडला होता, तरी कोणी उठून गेले नाही.

मार्च 2025 मध्ये नव्या पाळकबाई रुजू झाल्या. रीतीप्रमाणे आर्चडीकनने, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी, त्यांचा हात दाराच्या कडीवर ठेवला, त्यांनी घंटा वाजवली आणि मी तो जुडगा त्यांच्या हाती दिला. फॅकल्टी एप्रिलमध्ये मिळाली. वटवाघळांची पिले मोठी झाल्यावर, म्हणजे सप्टेंबरात, कारागीर येणार आहेत. तोपर्यंत उत्तरेकडे ताडपत्री आहे, आणि रात्री वारा सुटला की सकाळी मी तिच्या दोऱ्या पाहून येते.