कार्ड काढलं की 2 टक्के एक्स्ट्रा

भाव ठरेपर्यंत सगळं गोड गोड चालू असतं, चहा मागवू का मॅडम वगैरे, आणि कार्ड बाहेर काढलं की मग, "कार्डवर 2 टक्के एक्स्ट्रा लागतील हां." भाचीसाठी लॅपटॉप घेतला तेव्हा हेच झालं. बिल 42,000 चं आणि काउंटरवरच्या पोराने मशीनमध्ये आकडा टाकला 42,840.

मी दुकानांचेच जीएसटी रिटर्न भरते, त्यामुळे दुकानदाराची बाजू मला माहितीये. क्रेडिट कार्ड घासलं की बँक त्याच्या पैशातून एमडीआर (मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजे कार्डाने पैसे घेण्याची फी) कापून घेते, साधारण दीड-दोन टक्के, कार्डाप्रमाणे कमी-जास्त. मोबाईल-लॅपटॉपवाल्याचं मार्जिन आधीच बारीक, त्यात ऑनलाईनवाल्यांशी भावाची मारामारी, मग दोन टक्के गेले की उरतं काय. "वर जीएसटी पण पडतो मॅडम" हे मात्र मला सांगू नका, एमडीआरवरच्या त्या 18 टक्क्यांचं इनपुट क्रेडिट रजिस्टर्ड दुकानदाराला मिळतं, म्हणजे त्याला भरायच्या जीएसटीतून ते वजा होतात, मीच क्लेम करते ना.

आता हा कापलेला पैसा जातो कुठे? त्यातला मोठा वाटा जातो आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेकडे. आपले रिवॉर्ड पॉइंट्स, एअरपोर्टच्या लाउंजमधला फुकटचा उपमा, त्याचा बराचसा खर्च यातूनच निघतो. म्हणजे दुकानदाराने एमडीआर गुपचूप किमतीत धरला, तर रोख देणारा माणूस माझ्या उपम्याचे पैसे भरतोय. त्यामुळे कार्डवाल्याकडूनच घ्या हे लॉजिक मला अगदीच चुकीचं वाटत नाही. पण नियम तसा नाहीये. क्रेडिट कार्डच्या एमडीआरवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही हे खरं, पण मशीन देणाऱ्या बँकेशी जो करार होतो त्यात ग्राहकाकडून वेगळा चार्ज घ्यायचा नाही असं असतं, तो करार वाचलेला दुकानदार मला अजून भेटायचाय.

डेबिट कार्डवर 2 टक्के मागतात ते तर कमालच. 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलंय की डेबिट कार्डवर जादा पैसे घेणाऱ्या दुकानाशी संबंध तोडा. आणि 1 जानेवारी 2018 पासून डेबिटचा एमडीआर छोट्या दुकानाला जास्तीत जास्त 0.40 टक्के आणि 20 लाखांच्या वर उलाढाल असलेल्याला 0.90 टक्के, तोही एका व्यवहाराला 1,000 रुपयांच्या वर नाही. माझ्या लॅपटॉपला लावून बघा, फार तर 378 रुपये होतात आणि मागणार 840. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून केलेलं यूपीआय तर 2020 पासून शून्य, तिथे 2 टक्के घेतले तर सरळ खिशात.

पेट्रोलवर क्रेडिट कार्डला सरचार्ज लागतो तो निदान स्टेटमेंटवर दिसतो तरी, आणि बरीच कार्डं तो परतही करतात. दुकानातले 840 कुठेच दिसत नाहीत, बिल 42,000 चंच. लॅपटॉप परत करायची वेळ आली तर बिलाप्रमाणे 42,000 मिळणार, वरचे गेले. आणि दुकानदाराच्या खात्यात कार्डचा कलेक्शन विक्रीपेक्षा जास्त दिसतो, मग मार्चमध्ये माझ्यासमोर बसून डोकं खाजवत विचारतात, ताई हा फरक कशात टाकायचा?

म्हणून मी आता भाव करायच्या आधीच सांगते की कार्डने देणार, शेवटची किंमत सांगा. तरी वर मागितले तर तेवढे बिलात दाखवा म्हणते. लॅपटॉपच्या वेळी त्या पोराने मालकाकडे बघितलं, मालकाने माझ्याकडे, आणि 42,000 ची नवीन स्लिप निघाली. पॉइंट्स किती मिळाले म्हणाल तर दोनशे रुपयांचे पण नाहीत.