थंड सेन्सरवर किती बर्फ साचेल?

अवकाशात निर्वात पोकळी, मग उपकरणातल्या सेन्सरवर बर्फ येतो कुठून? आज कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या मुलांसोबत सगळा दिवस याच प्रश्नात गेला, आणि फार समाधान वाटलं.

पाणी आपणच वर पाठवतो. इन्सुलेशनचे थर, गोंद, कार्बन फायबर यांत जमिनीवरची दमट हवा मुरलेली असते. पोकळीत ती वाफ सुटते आणि थंड जागी बसते. सुमारे १२० केल्विनच्या खाली बसलेलं पाणी जवळजवळ उडतच नाही.

गणित असं: प्रत्येक भागातून सुटणारी वाफ, गुणिले सेन्सरपर्यंत पोचणारा वाटा, गुणिले चिकटण्याचं प्रमाण, वजा परत उडणारं. चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण ११ नॅनोमीटर बर्फ.

घोळ होतो तो एएसटीएम ई५९५ चा, म्हणजे पोकळीत पदार्थातून किती वाफ सुटते हे मोजणाऱ्या प्रमाणित चाचणीचा, आकडा थेट घातल्यावर. त्या चाचणीत नमुना १२५ अंश सेल्सिअसवर २४ तास तापवतात, पण वाफ गोळा करणारी चकती २५ अंशांवर असते. पाणी तिथे थांबेलच कसं? इथे एएसटीएमचीच दुसरी चाचणी, ई१५५९ हवी. तिच्यात थंड क्वार्ट्झ स्फटिकाच्या बदलत्या कंपनांवरून साचलेलं वजन कळतं.

असा बर्फ किती नडतो? मार्च २०२४ मध्ये 'युक्लिड' या अवकाश दुर्बिणीचा बर्फ साचलेला एकच आरसा ३४ अंशांनी तापवला आणि १५ टक्के जास्त प्रकाश मिळू लागला!

म्हणून सेन्सर सगळ्यात शेवटी थंड करायचा, तोवर हीटर चालू. आणि वाफेला बाहेर पडायची वाट द्यायची, सेन्सरकडे तोंड नसलेली.