हा कुठला किल्ला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: हा कुठलाच किल्ला नव्हे.

बेळगावात हे उत्तर पचत नाही. दिवाळीत आमच्या गल्लीत पोरं किल्ला करतात तो रायगड असतो, प्रतापगड असतो, नाहीतर आपला जवळचा राजहंसगड, आणि पुठ्ठ्यावर नाव लिहून खोचलेलं असतंच. माझ्या माडीवर मात्र दोन फूट बाय दोन फुटांचा अर्धा ढासळलेला कोट, बुरुजावर पंख मिटून बसलेला ड्रॅगन आणि दरवाज्यात करंगळीएवढे पहारेकरी. शेजारचे मामा म्हणाले, "नाव तरी ठेवा की ओ. बिननावाचा किल्ला असतोय काय?"

बेंगळुरूला छोट्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी लोकांचं एक प्रदर्शन असतं, त्याच्यासाठी हा केला. या छंदात माणसं साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीची. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा महादरवाज्यापेक्षा उंच असला तरी कुणाची तक्रार नसते. इथं मात्र सगळं माप माणसावरून. पायरी ३ मिलिमीटरची. टेबलावर बाहुल्या मांडून खेळायच्या खेळासाठी केलेल्या किल्ल्याला ही चैन परवडत नाही, कारण बाहुल्याखाली २५ मिलिमीटरची गोल चकती असते, तिला उभं राहायला रुंद पायरी लागते. मी चकत्या कापून पायात तार घातली आणि पहारेकरी थेट दगडावर रोवले. मापाचं वेड जुनंच आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात पॅटर्न शॉपला, ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात आयुष्य गेलं. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना सुमारे १ टक्का आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा. एका केसाचाही हिशेब ठेवायची सवय लागली ती सुटली नाही.

दगड कुठला घ्यायचा, हे आधीच ठरलेलं होतं. परदेशी नमुन्यांत सगळे कोट करड्या रंगाचे. मी जांभा घेतला. खानापूरकडचा, पावसाळ्यात काळा-हिरवा पडणारा, भोकाभोकांचा. कोट अर्थात थर्माकोलचाच; त्याचे दाणे दिसले तर या छंदात नाक मुरडतात, पण जांभ्याला ते दाणेच उपयोगी. सुईनं मधले मधले दाणे उपसले की हुबेहूब चिरा. रंगाचं मात्र सांभाळायला हवं. पहिला बुरुज मी उत्साहात स्प्रेच्या डब्यानं काळा केला आणि जेवून येईपर्यंत तो साबणासारखा विरघळला होता. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं. हे मला माहीत होतं, तरी केलं. आता आधी काळ्या रंगात फेविकॉल कालवून दोन हात देतो, आणि श्रावणातल्या झिमझिमीत तेही दोन-दोन दिवस चिकट राहतं. त्यावर काळपट तपकिरी, मग विटकरी, थोडी पिवडी. पातळ काळा रंग सोडला की तो भोकांत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा. लाल रंग नुसता लाल लावला तर जांभा दिसत नाही, गेरू फासलेली भिंत दिसते.

एवढं सगळं झालं, आणि मग मावशी आली. वय ८६, माहेर कणकुंबीकडचं. ड्रॅगनकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. किल्ल्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पाणी कुठं हाय रे? ही माणसं पितात काय?"

मी हसलो, पण रात्री झोप लागेना. गडावर पाण्याची टाकी असतात ती बऱ्याचदा खाणच असते. तटाचा दगड तिथलाच काढायचा, आणि काढून राहिलेल्या खड्ड्यात पाऊस साठवायचा. माझ्या कोटाला एवढी तटबंदी होती आणि खड्डा कुठंच नव्हता. मग दगड आला कुठून? ड्रॅगन खोटा चालतो, त्याला कोण विचारतंय? पण दगड खोटा चालत नाही.

तयार झालेला कोपरा करवतीनं कापला. जांभा जमिनीत मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, म्हणून खाणीतून सरळ चौकोनी चिरे निघतात आणि खाणीची भिंत पायऱ्यापायऱ्यांची उरते. तशीच टप्प्याटप्प्यांची भिंत काढली. पाणी इपॉक्सीचं, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचं, गढूळ तांबूस, चार वेळा पातळ थर देऊन; एकदम ओतलं तर ते तापतं आणि खालचा थर्माकोल पुन्हा गेला असता. टाक्याकडे जाणारी वाट पहारेकऱ्यांच्या मागून नेली, त्यामुळे समोरून ते दिसतच नाही, वाकून बघावं लागतं.

मावशीला फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून तिनं मोबाइल नाकाला लावला.

"पायऱ्यांना शेवाळ न्हाई," ती म्हणाली.

शेवाळ राहिलंच होतं. बेंगळुरूची बस रात्री दहाची होती, मी हिरवा रंग उघडला.