चालू डेटाबेसमधला कॉलम बदलताना : माझा अनुभव

ऐरोली-महापेच्या पट्ट्यात इतकी वर्षं सॉफ्टवेअर लिहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. चुकलेला कोड मागे घेता येतो, बिघडलेला डेटा सहसा येत नाही. म्हणून चालू टेबलातला कॉलम मी एका फटक्यात कधीच बदलत नाही.

नेहमीचं उदाहरण म्हणजे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवलेली रक्कम. ती पूर्णांकात, पैशांमध्ये आणायची असते. साधा इंटिजर (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) नको. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे पैशांत धरलं तर जेमतेम सव्वादोन कोटींच्याही आत. बिगइंट, म्हणजे मोठा पूर्णांक, घ्या.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नवा कॉलम आधी रिकामा जोडतो. काम क्षणाचं, पण ऑल्टरला (टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञेला) अख्ख्या टेबलावर लॉक लागतो, म्हणजे तेवढा वेळ टेबल बाकीच्यांना बंद. आधीच एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर ऑल्टर त्याच्यामागे उभा राहतो आणि बाकी सगळ्या क्वेऱ्या ऑल्टरमागे. ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीवर एकाचे सुट्टे अडले की रांग तुंबते, अगदी तसं. त्यामुळे लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी थांबायची मर्यादा, ३ सेकंद ठेवतो. मिळाला नाही तर पुन्हा प्रयत्न.

मग कोड बदलतो, म्हणजे तो प्रत्येक रक्कम जुन्या आणि नव्या दोन्ही कॉलममध्ये लिहू लागतो. तो सगळ्या सर्व्हरवर पोचल्याशिवाय जुन्या ओळींमधला नवा कॉलम भरायला घेऊ नका. सर्वाधिक चुका इथेच होतात : मागे राहिलेला एक सर्व्हर भरून झालेली ओळ बदलतो, पण नव्या कॉलममध्ये जुनीच रक्कम राहते.

भरताना प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळीच्या ओळख क्रमांकाच्या) क्रमाने ५,००० ओळींचे तुकडे, प्रत्येकाचं वेगळं ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकतर पूर्ण होणारा नाहीतर पूर्ण मागे जाणारा व्यवहार. मधे थांबून रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत, किती मागे पडली ते बघायचं. सगळं एकाच अपडेटमध्ये केलं तर प्रत्येक ओळीची नवी प्रत तयार होऊन टेबल फुगतं. रूपांतरात दशांश कापायचा नाही, राउंड करायचं, ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३४.९९९… येतं, कापलं की एक पैसा गेला.

दोन्ही कॉलममधली तफावत शून्य झाली की वाचन नव्यावर नेतो. जुना कॉलम निदान एक महिनाअखेर पार पडेपर्यंत चालू ठेवतो. त्यात लिहिणं बंद करण्याआधी त्याची नॉट नल (रिकामा चालणार नाही ही) अट काढा, नाहीतर पहिलाच इन्सर्ट, म्हणजे नवी ओळ टाकणं, आपटेल. ड्रॉप, म्हणजे कॉलम काढून टाकणं, सर्वांत शेवटी, कोडमधल्या मॉडेलमधून (टेबलाच्या कोडमधल्या वर्णनातून) त्याचं नाव गेल्यावरच.